वहीत अडलेला पेपर कीबोर्डवर सुटेल का?

सिल्वासा : तोंडी विचारलं तर धडाधड उत्तर देणारं मूल पेपरात मात्र काठावरही पास होत नाही. घरचे म्हणतात आळशी, शाळा म्हणते लक्ष नाही. यातल्या काही मुलांना डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, तर काहींना डिसग्राफिया म्हणजे लिहिण्यातली अडचण असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशी अध्ययन अक्षमता २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये धरली आहे. सवलती कागदावर आल्या. पण कीबोर्ड न बघता, दहाही बोटांनी टायपिंग करायला या मुलांना शिकवायचं, हा साधा उपाय अजून बाजूलाच राहिला आहे.

बोटांना पाठ झालेलं अक्षर

टायपिंगने डिस्लेक्सिया बरा होत नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. वाचनाचं खास शिक्षण चालूच ठेवावं लागतं, आणि लहान वयात अक्षरओळख हाताने गिरवूनच व्हायला हवी. फायदा वेगळा आहे. अक्षराचं वळण, रेषेचं भान, दोन शब्दांमधली जागा यातच ज्याची सगळी शक्ती खर्च होते, त्याला उत्तराचा विचार करायला उसंत मिळते. खाडाखोड दिसत नाही, चूक पुसली की वही स्वच्छ.

मराठीत याला आणखी एक बाजू आहे. सरकारी मान्यतेच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. ‘घ’ आणि ‘ध’ वहीत हमखास गोंधळ करतात. कीबोर्डवर ‘घ’ मधल्या बोटाला, ‘ध’ त्याच्या शेजारच्या बोटाला. ‘म’ आणि ‘भ’ तर दोन वेगळ्या हातांना. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी काढतात, बोलताना मात्र ती नंतर येते. इनस्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. म्हणजे जसं बोलायचं तसंच टाइप करायचं.

सीमेवरच्या मुलांसाठी दुप्पट कामाचं

सिल्वासातल्या मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात गुजराती, कारखान्याच्या वस्तीत हिंदी पडते. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सारखीच आहे. मराठी ‘ग’ ज्या बटणावर, गुजराती ‘ग’ही त्याच बटणावर. एकदा बोटं बसली की तिन्ही भाषांना चालतात. उलट मोबाईलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय लागली, तर ज्या इंग्रजी स्पेलिंगला मूल अडखळतं, त्याच्याच दारात पुन्हा उभं राहायची वेळ येते.

तपासणीतही भाषेचा प्रश्न आहेच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाची परीक्षा परक्या भाषेत घेऊन त्याला ‘कच्चा’ ठरवायची गरज नाही.

लेखनिक की लॅपटॉप?

इथल्या बहुतांश शाळा गुजरात बोर्डाला किंवा सीबीएसईला जोडलेल्या. सीबीएसईने २०१८पासून विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना उत्तरं टाइप करायला कॉम्प्युटरची मुभा दिली आहे, अर्थात इंटरनेटशिवाय. केंद्राच्या २०१८च्या लेखी परीक्षांच्या सूचनांतही शक्य तिथे कॉम्प्युटरचा पर्याय आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. तीन तासांच्या पेपरला म्हणजे पूर्ण एक तास.

बहुतेक पालक मात्र लेखनिकाच्याच मागे लागतात. जमाखर्च मांडला तर चित्र वेगळं दिसतं. लेखनिक दर परीक्षेला नव्याने शोधायचा. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण एक पायरी खालचं हवं. सिल्वासात मराठी नीट लिहिणारा मिळायलाही हवा. शिवाय उत्तर तोंडाने सांगून लिहवून घेण्याचा सराव मुलाला नसतोच. टायपिंगला रोज १५ मिनिटं, आठवड्यात पाच दिवस धरले, तर तीन महिन्यांत जेमतेम १५ तास होतात. त्यात बोटं कीबोर्डवर बसू लागतात, वेग नंतरच्या सरावाने येतो, आणि ही विद्या नोकरीपर्यंत सोबत राहते.

अडचण वेळेची आहे. दहावीच्या जानेवारीत जाग येऊन उपयोग नाही. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकतं, १४ आणि १८व्या वर्षी फेरतपासणी असते. म्हणजे पाचवी-सहावीत टायपिंग सुरू झालं, तर नववीपर्यंत घटक चाचण्याही कीबोर्डवर देता येतील. ज्याने वर्षभर वर्गात टाइप केलं, त्यालाच बोर्डात ते जमणार.

शाळांकडे कॉम्प्युटर लॅब आहे, तासिकाही आहे. त्यात चित्रं रंगवत बसण्याऐवजी बोटांचा सराव घेता येईल, आणि तो सगळ्या वर्गाला दिला तर कुणा एकाकडे बोट दाखवायचं कारणही उरत नाही. सुरुवातीला वेगाची स्पर्धा नको, पडद्यावरचं अक्षर मोठं हवं आणि जमलं तेवढ्याचं कौतुक हवं. गुजरात बोर्डाच्या शाळांनी कॉम्प्युटरच्या परवानगीसाठी नववीतच बोर्डाला लेखी पत्र द्यावं, पालकांनी त्याची पोच मागून घ्यावी. प्रशासनाने नव्या लॅबची घोषणा करण्याआधी असलेल्या लॅबमध्ये इनस्क्रिप्ट सुरू आहे का, एवढं तपासलं तरी सुरुवात होईल.