धमकी देणाऱ्यांनो, खबरदार!

इन्स्टाग्रामवरून एखाद्या मुलीचा फोटो उचलायचा, एआयच्या ॲपमध्ये घालून तिचा चेहरा नग्न शरीराला जोडायचा आणि रात्री उशिरा तिलाच पाठवायचा. सोबत तिच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. त्यात मामा, क्लासचे सर, होणारी नणंद यांच्या नावांभोवती लाल गोल. खाली एक ओळ : ‘सकाळपर्यंत पाच हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हा जाहीर इशारा आहे. यापुढे एकही मेसेज जाता कामा नये.

फोटो बनावट आहे म्हणून सुटू, या भ्रमात राहू नका. धमकावून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी दिली तर कलम ३५१ खालीही ७ वर्षांपर्यंत. लैंगिक कृत्याचा व्हिडिओ पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ए लागतं : पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. आणि फोटो खरा असला, तिनं स्वतः विश्वासानं काढू दिला असला, तरी? न्याय संहितेचं कलम ७७ स्पष्ट सांगतं, खासगी क्षणाचा फोटो काढायला दिलेली संमती ही तो इतरांना दाखवायची संमती नव्हे.

रश्मिका मंदाना यांचा बनावट व्हिडिओ नोव्हेंबर २०२३ मध्ये फिरला. तो बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये एकाला आंध्र प्रदेशातून पकडलं. त्या नामवंत नटी, म्हणून यंत्रणा हलली, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, आणि तेच संतापजनक आहे. पण यूपीआय आयडी, सिमकार्ड, लॉगिनच्या नोंदी हा माग साध्या कॉलेजकुमारीला धमकावणाऱ्याचाही राहतोच.

मुलींना फोटोंच्या धाकानं छळणारं १९९४ चं जळगावचं वासनाकांड महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हा एआय नव्हतं, मोबाइल नव्हते. फोटोची भीती मात्र हीच होती. बदनामीच्या धास्तीनं किती जणी पुढे आल्याच नाहीत, आणि त्याचा फायदा कुणाला झाला, हे सांगायला नको. गुन्हेगार आजही त्याच गप्प बसण्यावर जगतो.

म्हणून मुलींनो, एक रुपयाही देऊ नका. पहिले पाच हजार गेले की दुसरी मागणी येते, कारण तुम्ही घाबरता हे त्याला कळलेलं असतं. त्याच्याशी वाद घालू नका, विनवण्या करू नका, ‘शेवटचं भेटू’ म्हणाला तर एकटीनं मुळीच जाऊ नका. चॅट डिलीट करायचा मोह आवरा, तो तुमचा पुरावा आहे. नंबर, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि मगच ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. स्टॉपएनसीआयआय ही सेवा फोटोचा फक्त डिजिटल ठसा घेते. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो अडवतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर त्यासाठी ‘टेक इट डाउन’ आहे. जीव नकोसा झाला तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, रात्री-अपरात्रीही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे खरं आहे का?’ म्हणून असा व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनो, पाठवणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो. पोलीस ठाण्यात ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या साहेबांनो, तक्रार नोंदवली नाहीत तर ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाईल, आणि तिथंही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे.

आणि आईबाबांनो, लेक रडत फोन घेऊन आली तर ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ हा प्रश्न तोंडातून काढू नका. फोन हातात घ्या, तिच्या शेजारी बसा आणि तिच्यासोबत त्याच रात्री तक्रार नोंदवा.