चौदा मिनिटांचा बाऊ

जॅक द रिपरचं गूढ एका विद्वानांनी परवा निकालात काढलं. ३० सप्टेंबर १८८८ ची रात्र, लंडनचा माइटर स्क्वेअर. शिपाई वॉटकिन्स १.३० ला फेरी मारून गेला तेव्हा चौक रिकामा, १.४४ ला परतला तर कोपऱ्यात कॅथरीन एडोज या बाईचं प्रेत. चौदा मिनिटांत इतकी चिरफाड अशक्य, सबब शिपाई खोटारडा, नाहीतर खुनी पोलिसांतलाच. झालं! सव्वाशेहून अधिक वर्षं डोकेफोड करणारे उगाच शिणले म्हणायचे.

अशक्य कोण म्हणतं? प्रेत तपासणाऱ्या डॉ. ब्राउन यांनी साक्षीत किमान पाच मिनिटं सांगितली. विद्वानांनी डॉक्टरांनाही रजा दिलेली दिसते.

त्यांचा खरा हुकमी पत्ता म्हणजे घड्याळ. क्लबमधून निघालेला लवेंडे हा साक्षीदार आणि त्याचे दोन सोबती १.३५ च्या सुमारास चौकात जाणाऱ्या चर्च पॅसेज या बोळाच्या तोंडाशी एक जोडपं पाहतात, १.४० च्या आसपास शिपाई हार्वे त्याच बोळातून चौकाच्या कडेपर्यंत येतो आणि त्याला काहीच दिसत नाही. उरली पाचच मिनिटं, असा यांचा हिशोब. या वेळा जणू एकाच घड्याळाच्या! लवेंडेची वेळ क्लबच्या घड्याळावरची आणि स्वतःच्या खिशातल्या घड्याळावरची. हार्वेची वेळ अंदाजाची. दोन-तीन मिनिटं इकडची तिकडे झाली की हिशोब कोलमडतो. शिवाय लवेंडेला बाईचा चेहरा दिसलाच नव्हता. ओळख पटवली ती कपड्यांवरून. पुरुषाबद्दल तर तो म्हणाला, पुन्हा ओळखेन असं वाटत नाही. म्हणजे ते जोडपं हेच, हेसुद्धा गृहीतच. अशा साक्षीवर मिनिटांचे इमले चढवायला धाडस लागतं, ते यांच्याकडे मुबलक आहे.

दारूच्या नशेत पकडलेल्या एडोजला त्याच रात्री एक वाजता बिशप्सगेट पोलीस ठाण्यातून सोडलं, यातही या विद्वानांना कट दिसतो. दारू उतरली की सोडायचं, हा तिथला रिवाजच होता. खुनी शल्यविशारदच असणार, ही जुनी टूमही शेपटाला बांधलेली आहेच. तिला उत्तर देऊन देऊन लोक थकले.

माझं म्हणणं साधं आहे. ठरलेल्या वाटेची, ठरलेल्या वेळेची गस्त हीच खुन्याची सोय होती; त्यासाठी त्याला पोलीस असण्याची गरज नव्हती. बुटांचा आवाज दूर गेला की मोकळीक. हार्वेने खोटं सांगितलं नाही, वॉटकिन्सनेही नाही. प्रेत चौकाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात होतं आणि हार्वेची गस्त बोळाच्या टोकापर्यंतच होती. चौकात पाऊल टाकणं त्याच्या फेरीत नव्हतंच.