पैदास सोपी, जबाबदारी अवघड
ऑस्ट्रेलियातील ‘बिअर्डेड ड्रॅगन’ आता भारतीय शहरांतील घरांतही पोहोचला आहे. मात्र त्याच्या पैदाशीकडे ना कायद्याचे लक्ष आहे, ना हौशी पालकांचे.

कुत्रा, मांजर आणि लव्हबर्ड यांच्या पलीकडे जाऊन सरडे, इग्वाना, अजगर पाळण्याची हौस भारतीय महानगरांत गेल्या काही वर्षांत रुजली आहे. या प्राण्यांमध्ये ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा नवख्यांसाठी सर्वांत सोयीचा म्हणून सांगितला जातो. तो शांत आहे, दिवसा जागा असतो, हातावर बसतो आणि सहसा चावत नाही. चिडला किंवा घाबरला की गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून काळी करतो. याच ‘दाढी’वरून त्याला नाव मिळाले. आपल्या बागेतील सरडा ज्या कुळात मोडतो, त्याच कुळातील हा प्राणी शेपटीसह ४५ ते ६० सेंटीमीटर लांब होतो आणि चांगली निगा राखल्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो. शेवटची ही बाब विकत घेणाऱ्याच्या लक्षात सहसा उशिरा येते.

या सरड्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या मध्य व पूर्व भागांतील कोरडा प्रदेश होय. जिवंत वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर त्या देशाने १९६० च्या दशकापासून निर्बंध घातले आहेत. त्यामुळे युरोप, अमेरिका वा आशियातील दुकानांत विकले जाणारे बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या रानातून थेट आलेले नसतात. बंदिस्त अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या प्राण्यांची ती संतती असते. ‘रानातून पकडलेला नाही, म्हणजे निर्धोक आहे’ हा या व्यापाराचा मुख्य युक्तिवाद असतो. रानातील संख्येपुरता तो बराचसा खरा आहे. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

पहिला प्रश्न संख्येचा आहे. मादी एका वेळी साधारण १५ ते ३० अंडी घालते आणि एका हंगामात अनेकदा घालते. नराचे वीर्य ती काही काळ शरीरात साठवू शकते. त्यामुळे एकदा मीलन झाल्यावर नर वेगळा ठेवला तरी पुढील अंडी फलित निघू शकतात. वीस अंड्यांचे तीन हंगामी घोस धरले तरी एका जोडीपासून वर्षाला साठ पिल्ले होतात. अंडी २८-२९ अंश सेल्सिअसला ओलसर माध्यमात ठेवली तर सुमारे दोन महिन्यांत फुटतात. इथपर्यंतचे काम एखादा जिज्ञासू विद्यार्थीही घरच्या पेटीत करू शकतो. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. पिल्लांना दिवसातून अनेकदा लहान कीटक द्यावे लागतात. जागा अपुरी पडली की ती एकमेकांची बोटे व शेपटीची टोके चावतात, म्हणून त्यांना आकारानुसार वेगळे करावे लागते. साठ पिल्लांसाठी इतक्या पेट्या, इतके दिवे आणि रोजचे हजारो कीटक ही घरगुती हौस राहत नाही. मादीचेही हाल होतात. अंड्यांसाठी लागणारे कॅल्शियम तिच्याच हाडांतून जाते. सलग अंडी घालणारी कमजोर मादी अंडी अडकून दगावू शकते.

दुसरा प्रश्न निगेचा आहे. हा रखरखीत प्रदेशातील प्राणी ऊन खाण्याच्या जागेवर सुमारे ४० अंश तापमान मागतो, तर पेटीच्या दुसऱ्या टोकाला थंडावा हवा असतो. शिवाय त्याला अतिनील किरणांचा विशेष दिवा लागतो. ‘यूव्हीबी’ या किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडून पाय वाकतात. जबडा रबरासारखा होतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नसतो, कारण काच हे किरण बहुतांशी अडवते. दिवा पेटता दिसला तरी काही महिन्यांनी त्याची किरणे क्षीण होतात, म्हणून तो ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. मुंबई आणि कोकणच्या पावसाळी दमटपणात श्वसनविकारांचीही भीती असते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत.

तिसरी बाब कमी परिचित असली तरी महत्त्वाची आहे. या सरड्यात लिंग गुणसूत्रांवरून ठरते, पण अंडी सुमारे ३२ अंशांहून अधिक उष्णतेत उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेले गर्भ माद्या म्हणून जन्मतात. २००७ मध्ये प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रानातही अशा माद्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तापमानवाढीच्या काळात रानातील समूहांसाठी याचा अर्थ काय, याचा अभ्यास सुरू आहे. घरच्या पेटीतील एका बिघडलेल्या थर्मोस्टॅटमुळे हेच नकळत घडू शकते.

बाजाराची स्पर्धा आणखी पुढे गेली आहे. खवले कमी असलेला ‘लेदरबॅक’ हा प्रकार लोकप्रिय झाला. अशा दोन सरड्यांच्या मीलनातून जवळपास खवलेरहित ‘सिल्कबॅक’ जन्मतो. त्याची उघडी त्वचा ओरखडे, भाजणे आणि कोरडेपणा यांना सहज बळी पडते. दिसायला वेगळा आणि दामाने महाग, एवढ्याच कारणासाठी जन्मतःच अधू प्राणी तयार करणे कितपत योग्य, हा प्रश्न पैदास करणाऱ्यांच्या वर्तुळातच उपस्थित केला गेला आहे.

माणसाच्या आरोग्याचा धोकाही दुर्लक्षिता येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि प्राणी निरोगी दिसत असतानाही ते विष्ठेतून बाहेर पडतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये तीसहून अधिक राज्यांतील शंभरावर लोकांच्या आजारांचा संबंध पाळीव बिअर्डेड ड्रॅगनशी जोडला. बाधितांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षे किंवा त्याहून कमी वयाची मुले होती. हात धुणे, पेटी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये न धुणे आणि लहान मुलांना या प्राण्यापासून दूर ठेवणे, हे साधे नियम विक्रीच्या वेळी लेखी देणे विक्रेत्याला अवघड नाही.

भारतातील कायद्याची अडचण इथे स्पष्ट होते. घोरपड वा स्टार कासव पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली, २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम जाहीर केले. पण या व्यवस्थेचा आधार ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या परिशिष्टांत असलेल्या प्रजातींची नोंद, हस्तांतरण आणि जन्म-मृत्यू कळवणे बंधनकारक झाले. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन त्यात येतात. बिअर्डेड ड्रॅगन मात्र त्या परिशिष्टांत नाही. त्यामुळे तो देशात आणण्यासाठी परवाना व विलगीकरणाचे नियम असले, तरी एखाद्याच्या फ्लॅटमध्ये त्याची साठ पिल्ले जन्मली तर त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा या चौकटीत सापडत नाही.

ही पोकळी केवळ कागदी नाही. जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले होते. जेथे मागणी आहे आणि नोंद नाही, तेथे चोरट्या मालाला ‘घरी जन्मलेला’ म्हणून खपवणे सोपे जाते. नोंदीशिवाय वाढलेल्या हौसेचा शेवट कसा होतो, हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’ या अमेरिकी कासवाने दाखवून दिले आहे. रुपयाएवढी विकत घेतलेली ही पिल्ले मोठी झाली की तळ्यात सोडली जातात आणि देशी कासवांच्या अन्नाला व जागेला वाटेकरी होतात. अशा परक्या आक्रमक प्रजातींवर निर्बंध घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे.

यावर सरसकट बंदी हा एकच उपाय नाही. ज्या ऑस्ट्रेलियाचा हा प्राणी, तेथील न्यू साउथ वेल्स राज्यात तो परवाना घेऊन पाळता येतो. मात्र तो रानातून पकडता येत नाही, परवानाधारकाकडूनच घ्यावा लागतो. नॉर्वेने तर अनेक दशकांची बंदी उठवताना २०१७ मध्ये १९ प्रजातींची यादी करून तेवढेच सरपटणारे प्राणी पाळण्यास मुभा दिली. बिअर्डेड ड्रॅगन त्या यादीत आहे. दोन्हीकडे आधी प्राण्याची गरज आणि मग माणसाची हौस, असा क्रम आहे.

भारतात ‘साइट्स’बाहेरील परदेशी प्राण्यांसाठी पैदास करणाऱ्यांची साधी नोंदणी, पावतीसह विक्री आणि निगेची लेखी माहिती एवढे जरी सक्तीचे झाले, तरी बरेच साधेल. तोवर जबाबदारी घर चालवणाऱ्यांवरच राहते. पहिली अंडी उबवायला ठेवण्यापूर्वी, जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला पुढची दहा वर्षे ऊब, प्रकाश आणि अन्न देणारे घर आहे का, एवढा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती अंडी न उबवणे हीच प्राणिप्रेमाची पहिली अट ठरते.