विंडोज गेले, जागा उरली

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शेजारीच लिनक्स असलेल्या घरच्या संगणकावर आता फक्त तेच ठेवायचे ठरवले असेल, तर प्रश्न येतो डिस्कच्या वाटणीचा. विंडोजचा भाग पुसला की भरपूर जागा मोकळी होते, पण बहुधा लिनक्सच्या अलीकडे. सारी मेख तिथेच आहे. पार्टिशन पलीकडे वाढवणे मिनिटांचे काम. त्याची सुरुवात अलीकडे ओढायची तर आतला सगळा डेटा हलवावा लागतो. त्याला तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर सारेच जाण्याची भीती. म्हणून आमचे मत, हलवाहलव करूच नये. (भरलेले कपाट तरी आपण कुठे सरकवतो?)

आधी फोटो, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, जीपार्टेडने मोकळ्या जागेत नवे एक्स्ट-४ पार्टिशन करा. ‘होम’मधल्या फायली तिथे नेऊन एफस्टॅबमध्ये त्याची नोंद करा. ईएफआय हे छोटे पार्टिशन मात्र विंडोजचे समजून पुसू नका. नव्या संगणकांत लिनक्सही तिथूनच सुरू होते. ‘डी’ ड्राइव्हची घाई नाही, त्यावरच्या एनटीएफएस फायली लिनक्सला वाचता येतात.