बुद्धी मंद असली तरी मन मंद नसते

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २ कोटी ६८ लक्ष व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली. त्यांपैकी सुमारे १५ लक्ष व्यक्ती त्या गणनेच्या परिभाषेत 'मतिमंद' होत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा शब्द बाजूला सारून 'बौद्धिक दिव्यांगत्व' ही संज्ञा स्वीकारली. शब्द सुधारला, समजूत मात्र सुधारली नाही. ज्याला हिशेब जमत नाही, वाचता येत नाही, त्याला दुःखही फारसे कळत नसावे, ही ती समजूत होय. असा माणूस जेवेनासा झाला, अबोल झाला किंवा अंगावर धावून जाऊ लागला की 'ते पहिल्यापासून तसेच आहे' असे म्हणून विषय मिटवला जातो. तज्ज्ञही याला अपवाद नाहीत. बुद्धीच्या उणिवेची चिठ्ठी एकदा लागली की तिच्या सावलीत नैराश्य किंवा भीती तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटते, हे १९८२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले.

या प्रश्नाचा विचार मुंबई-पुण्याच्या चिकित्सालयात बसून करण्याऐवजी नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या गावातून करणे अधिक उद्बोधक ठरेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हा आदिवासीबहुल भाग. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांची येथे मोठी वस्ती. भात, नागली, वरई यांची पावसाळी शेती आटोपली की पुष्कळ कुटुंबे द्राक्षबागांत आणि बांधकामांवर मजुरीला जातात. समजा, अशा एखाद्या पाड्यावरील वीस-बावीस वर्षांचा एक तरुण सौम्य बौद्धिक दिव्यांग आहे. घरचे कामावर गेल्यावर तो म्हाताऱ्या आजीजवळ राहतो. बाजाराच्या दिवशी पोरे त्याला चिडवतात. हळूहळू तो बाहेर पडेनासा होतो, आणि 'मी कामाचा नाही' एवढेच म्हणत राहतो. घरचे प्रथम भगताकडे जातात. तोच हाकेच्या अंतरावर असतो आणि त्यांच्या भाषेत बोलतो. नाशिकला न्यायचे तर दोन माणसांची मजुरी बुडते आणि गाडीभाडे निराळे. एवढे करूनही हाती पडते ते बहुधा टक्केवारीचे प्रमाणपत्र. त्याच्या दुःखाविषयी त्यात एक अक्षरही नसते.

या दुःखावर उपाय नाही असे नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली, तिचे सूत्र सोपे आहे. घटनेमुळे जितके, तितकेच त्या घटनेविषयीच्या विचारामुळे माणूस खचतो. तो विचार तपासावा आणि वागणूक हळूहळू बदलावी. मराठी वाचकांना ही विचारसरणी प्रा. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे अपरिचित नाही. परंतु ती सुशिक्षितांसाठी घडली. तासाभराची बैठक, विचारांची लेखी नोंद, अमूर्त चर्चा ही तिची साधने. ती सौम्य बौद्धिक दिव्यांगांना जशीच्या तशी लावली तर अपयश ठरलेलेच. आणि त्या अपयशाचे खापर उपचारावर न फुटता माणसावर फुटते. 'याला समजत नाही' असा शेरा मारून दार लावून घेतले जाते.

वास्तविक बदलायचे असते ते उपचाराचे रूप. बैठक अर्ध्या तासाची असावी, पण बैठकांची संख्या अधिक असावी. एका वेळी एकच मुद्दा घ्यावा आणि तो पुनःपुन्हा घ्यावा. लेखी नोंदीऐवजी चित्रे, चेहऱ्यांची रेखाटने, प्रसंगाचा अभिनय यांचा उपयोग करावा. राग किंवा भीती किती, हे विचारताना शंभरपैकी आकडा मागू नये. हरसूलच्या घरात मापटे, शेर, पायली ही मापे डोळ्यांसमोर असतात, ती पुढे ठेवावीत. घटना आणि भावना यांचा संबंध अनेकांना सहज उमगतो. मधला विचाराचा दुवा मात्र अवघड जातो, असे ब्रिटनमधील अभ्यासांतून दिसून आले आहे. तेव्हा तो दुवा ओळखण्याचा सराव आधी करून घ्यावा. विश्वासातील एक माणूस सोबत असावा, म्हणजे बैठकीत शिकलेले घरी टिकेल. आणि 'हो की नाही' अशा प्रश्नांवर विसंबू नये. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती समोरच्याला बरे वाटावे म्हणून 'हो' म्हणण्याकडे झुकते, हे संशोधकांनी नोंदवले आहे. आणि ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक अंमलदारापुढे 'हो साहेब' म्हणावे लागले, तेथे हा धोका दुप्पट होतो. ब्रिटनच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने सौम्य बौद्धिक दिव्यांगांच्या नैराश्यासाठी असा जुळवून घेतलेला उपचार विचारात घ्यावा, अशी शिफारस केली आहे.

परंतु येथे एक मूलगामी प्रश्न उभा राहतो. विचार तपासायचा म्हणजे तो वास्तवाशी ताडून पाहायचा. 'लोक मला हसतात' हा त्या तरुणाचा विचार भ्रम नाही. लोक खरोखरच हसतात. 'मला कोणी काम देत नाही' हेही खरेच आहे. अशा वेळी केवळ विचार बदलण्याचा उपदेश करणे म्हणजे अन्याय गोड मानून घ्यायला शिकवणे होय. 'मला काम मिळत नाही' हे सत्य आणि 'म्हणून मी कवडीमोलाचा' हा निष्कर्ष यांत अंतर आहे. उपचाराने निष्कर्ष खोडावा, आणि समाजाने ते सत्य बदलावे. दोन्ही कामे एकमेकांवाचून अपुरी आहेत. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्यग्रस्त १६१ बौद्धिक दिव्यांग प्रौढांना दोन निरनिराळ्या, पण त्यांच्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या पद्धतींनी मदत देण्यात आली. एका गटाला अर्थपूर्ण कामांत गुंतवण्यावर भर होता, दुसऱ्याला सोप्या पुस्तिकांच्या आधारे मार्गदर्शन मिळाले. दोन्ही गट सुधारले. त्यांत सरस-नीरस ठरले नाही. एवढ्यावरून अंतिम निर्णय देता येणार नाही. पण पद्धतीच्या नावापेक्षा नियमाने येऊन ऐकणारा माणूस मोलाचा असावा, असे मानायला त्यात जागा आहे.

हा माणूस आणायचा कोठून, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. जुळवून घेतलेल्या उपचाराला श्रम अधिक लागतात. बैठका वाढतात, सोबतीही लागतो. ज्याच्यासाठी हे करायचे त्याची क्रयशक्ती मात्र शून्य. बाजार अशी सेवा कधीच पुरवणार नाही. तथापि ती मोठ्या पदव्यांवाचून होऊच शकत नाही, हेही खरे नाही. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. नेहमीच्या उपचारावरील रुग्णांत हे प्रमाण ३९ टक्के होते. तो प्रयोग बौद्धिक दिव्यांगांसाठी नव्हता. पण वाट कोणती, हे त्याने दाखवले आहे.

'जेथे कुपोषण हटलेले नाही तेथे मनाचे चोचले कशाला?' असा आक्षेप पुरोगामी वर्तुळातूनही येईल. गरिबाला फक्त पोट असते, मन असते ते श्रीमंतांनाच, असे गृहीत धरणारा हा आक्षेप मुळात वर्गीय आहे. कायदा तरी याहून पुढे गेला आहे. २०१६ च्या कायद्याने ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत, दिव्यांगांना जवळच्या जवळ मोफत आरोग्यसेवा देण्याचे बंधन शासनावर घातले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला. त्याच कायद्याने मतिमंदत्व हा मानसिक आजार नव्हे, असेही म्हटले आणि ते योग्यच आहे. पण बौद्धिक दिव्यांग माणसाला मानसिक आजार होऊच शकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. या दोन कायद्यांच्या फटीत माणूस हरवू नये, हे पाहिले पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने हरसूलसारख्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी बसावे आणि बौद्धिक दिव्यांगांची मानसिक तपासणी स्वतंत्रपणे करावी. स्थानिक बोलीतील शब्द व चित्रे असलेली पुस्तिका तयार व्हावी. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनीसारख्या संस्थांचा अनुभव त्या कामी घ्यावा. आशा कार्यकर्त्यांना किंवा गावातील अन्य तरुण-तरुणींना हे काम शिकवावे आणि त्याचा पूर्ण मोबदला द्यावा. सेवाभावाच्या नावाखाली स्त्रियांचे श्रम फुकट वापरण्याची चाल येथे नको. आणि शेवटची मागणी कामाची. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्याने रोपवाटिकेत, शाळेच्या स्वयंपाकघरात, सार्वजनिक कामावर या माणसांना झेपेल असे काम आणि त्याचे दाम द्यावे. 'मी कामाचा नाही' या विचाराचे खंडन हजेरीपटावरील नावाइतके दुसरे कशानेच होत नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात याची सुरुवात यादीपासून करावी. कोणत्या घरात असा माणूस आहे, तो शेवटचा घराबाहेर केव्हा पडला, त्याच्याशी कोण बोलते, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे मात्र घरच्यांबरोबरच त्या माणसाकडूनही घ्यावीत, आणि ती येईपर्यंत थांबावे.