संगणकातील अडगळ आणि आपला विवेक

बंगळूरच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग रेशमी साड्यांच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. चिकपेट म्हणजे शब्दशः लहान पेठ. तेथील अरुंद दुकानांत जागेचे मोल प्रत्येक व्यापारी जाणतो. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडण्यापुरती जागा मोकळी नसेल, तर फडताळे कितीही भरलेली असोत, व्यवहार अडतो. दुकानातील संगणकाचेही असेच आहे. परंतु ही गोष्ट बहुधा फार उशिरा ध्यानात येते.

विंडोज संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली ज्या भागावर असते, त्यास सामान्यतः ‘सी ड्राइव्ह’ म्हणतात. काम चालू असता प्रणालीस तेथे तात्पुरत्या फायली लिहाव्या लागतात. मेमरी अपुरी पडल्यास तिच्यातील काही मजकूरही तेथेच ठेवावा लागतो. मोकळी जागा संपली की यंत्र मंदावते आणि सुरक्षेच्या नव्या सुधारणा त्यात बसत नाहीत. तेव्हा हा प्रश्न गतीइतकाच सुरक्षिततेचाही होय.

अशा वेळी लोक दोन मार्ग धरतात. कोणी दिसेल ते पुसून टाकतो. कोणी जवळच्या एस. पी. रोडवरील बाजारात जाऊन नवी डिस्क विकत आणतो. आमच्या मते पहिला मार्ग घातक आहे, आणि दुसरा पुष्कळदा अनावश्यक.

प्रथम जे पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत करावी. हिशेब, छायाचित्रे, विद्यार्थ्यांचे लेखन हे सारे वेगळ्या डिस्कवर उतरवावे. त्याच डिस्कच्या ‘डी’ भागात फायली हलविल्याने ‘सी’वर जागा होते खरी, परंतु तिला सुरक्षित प्रत म्हणता येत नाही, डिस्क बिघडली तर दोन्ही भाग जातात. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या सदरात कशाने किती जागा व्यापली आहे, ते पाहावे. तात्पुरत्या फायली तेथूनच काढता येतात. रीसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल बिन रिकामी करीपर्यंत जागा अडवूनच असते. ‘डाउनलोड्स’ मात्र डोळे झाकून पुसू नये. एखादे महत्त्वाचे बिल तेथेच पडलेले असावयाचे.

विंडोजच्या मूळ फोल्डरात तर स्वहस्ते काहीही पुसू नये. तेथील ‘विनएसएक्सएस’ हा संग्रह अवाढव्य दिसतो; परंतु त्यातील अनेक फायली एकच असून दोन ठिकाणी दिसतात, त्यामुळे त्याचा आकार आहे त्याहून मोठा भासतो. त्यास धक्का लावल्यास प्रणालीच कोलमडू शकते.

डिस्क आता स्वस्त झाल्या, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्राच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत; आज एखाद्या छायाचित्रासही तेवढी जागा लागते. आक्षेपात तथ्य आहे. विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट साठा लागतो. ज्या यंत्रात जेमतेम तेवढाच आहे, त्यास मोठी डिस्क बसविणेच इष्ट. परंतु निवड करण्याची सवय नसेल, तर मोठे कोठारही कालांतराने भरतेच. शिवाय मोजके संगणक आणि तुटपुंजा निधी असलेल्या शाळेला दरवेळी नवी खरेदी कशी परवडावी?

तात्पुरता कचरा ठराविक काळाने काढण्याचे काम यंत्र आपोआप करू शकते. कोणते छायाचित्र जपावे, कोणता हिशेब ठेवावा, हे मात्र त्यास कळत नाही. म्हणून शाळेत संगणक चालविण्याबरोबरच तो आवरण्याचेही शिक्षण द्यावे, आणि ग्रंथालयांनी वर्षातून एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा. पुस्तकांची कपाटे आपण झाडतोच; त्या वेळी कोणते पुस्तक काढावे आणि कोणते ठेवावे, हा निर्णय ग्रंथपालच करतो.