परसबाग : नळी अर्धा इंची की पाऊण इंची?

"बागेला पाणी घालण्यात सकाळचा तास जातो, डबे तसेच राहतात. नळी बदलून काही फरक पडेल का?" असे एका भगिनीने विचारले आहे. बाग गुंठाभर, टाकी गच्चीवर आणि ३० मीटर लांबीची अर्धा इंची नळी, असा त्यांचा सरंजाम आहे.

फरक पडेल, आणि चांगलाच पडेल. पाऊण इंची नळी डोळ्यांना दीडपटच रुंद दिसते, पण तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट असते. शिवाय पाणी नळीच्या आतल्या अंगाला घासत पुढे जाते आणि अरुंद नळीत हे घर्षण जास्त. दोन्ही मिळून त्याच दाबाने, तेवढ्याच लांबीतून जवळजवळ तिप्पट पाणी येते! टाकीतले पाणी नळीच्या तोंडापेक्षा १२ फूट उंच धरले, तर अर्धा इंचीतून मिनिटाला साधारण साडेसात लिटर आणि पाऊण इंचीतून वीसेक लिटर. उन्हाळ्यात गुंठ्याला रोजचे ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५०० लिटर. तासाहून जास्त वेळाचे काम २५ मिनिटांत उरकेल.

पण थांबा, लगेच दुकानात जाऊ नका. आधी १५ लिटरची बादली थेट नळाखाली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. मग तीच बादली नळीच्या टोकाशी भरा. दोन्ही वेळ सारखेच निघाले, तर अडचण नळीची नाही. नळालाच पाणी कमी आहे. मग कितीही जाड नळी आणा, पैसे फुकट. नळीला दुप्पट वेळ लागला, तर मात्र खुशाल बदला.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते, म्हणून पुष्कळजणींना ते जास्त आले असे वाटते. उलट ते थोडे कमीच होते! लांबच्या कुंडीपर्यंत पोचवायला ठीक, एवढेच.

खरेदी करताना आतला व्यास बघा. बाहेरून जाडजूड दिसणारी नळी आतून अरुंद असू शकते. नळाला जोडायचा तुकडाही बारीक भोकाचा नको.

आता जाड नळीची एक कटकट. पाण्याने भरलेल्या ३० मीटर पाऊण इंची नळीत साडेआठ किलो नुसते पाणीच असते. ती ओढून कंबर धरते, शेवंतीची रोपे मोडतात ती वेगळीच. त्यापेक्षा २५ मीटर पाऊण इंची कुंपणाकडेने कायमची टाकून ठेवा आणि हातात धरायला पुढे ५ मीटर जुनी अर्धा इंची जोडा. पाणी पूर्वीच्या दुप्पट येईल आणि नळीही हलकी. जाड धार थेट बुंध्याशी सोडू नका, माती वाहून मुळे उघडी पडतात. आळ्यात फरशीचा तुकडा ठेवून त्यावर सोडा.